व्याही पुस्तकात सापडले

"पुस्तक घेतलंत का?" बायकोने दाराला कुलूप लावता लावता विचारले.

"कुठलं पुस्तक?" चष्मेवाले म्हणाले.

ज्याच्या पिशवीत पुस्तक नसते, तो सरळ "नाही" म्हणतो. "कुठलं पुस्तक?" असे विचारणारा माणूस चोरीचा माल बाळगून असतो. बायकोला हे ठाऊक होते. पण बस चुकली असती, म्हणून तिने तो विषय तेवढ्यापुरता गिळला.

चष्मेवाल्यांचा एक हट्ट होता. ज्या गावाला जायचे, त्या गावावरची कादंबरी वाचल्याशिवाय त्या गावात पाऊल टाकायचे नाही. लोक गावाला जाताना टॉवेल घेतात, हे कादंबरी घेत. लग्नानंतरच्या पहिल्याच प्रवासात त्यांनी बायकोला समुद्राकाठी भर उन्हात तंगडतोड करायला लावली होती. कादंबरीतला दीपस्तंभ दाखवायचा होता. दीपस्तंभ तिथे कधी नव्हताच, लेखकाने तो घरी बसून बांधला होता. बायकोच्या टाचांना फोड आले आणि कादंबऱ्यांशी तिचे कायमचे वैर पडले.

"आज तरी शहाण्यासारखं वागा," बसमध्ये ती म्हणाली. "पोरीचं लग्न ठरायचंय. तिथं जाऊन त्यांच्या गावाची कथा त्यांनाच सांगत बसू नका."

"आई, बाबांना बोलू दे गं," मुलगी म्हणाली. ती नर्स होती. तिच्याच हॉस्पिटलात एक्सरे काढणाऱ्या एका शांत मुलावर तिचा जीव जडला होता. "फक्त आजोबांशी जपून बोला, बाबा. ते नाही म्हणाले तर हा पुढं पाऊल टाकणार नाही. वडील लवकर गेले याचे, आजोबांनीच वाढवलंय. त्यांच्यापुढं याचं तोंड उघडत नाही."

"माणसाच्या आत काय आहे ते रोज बघतो, आणि आजोबांना घाबरतो?" चष्मेवाले म्हणाले.

"म्हणून तर घाबरतो," मुलगी म्हणाली.

आजोबांसाठी भेट म्हणून चष्मेवाल्यांनी आपल्या चष्म्याच्या दुकानात स्वतःच्या हाताने वाचायचा चष्मा बनवला होता. नंबर नातवाने कळवला होता. जुना चष्मा फुटून काही महिने झाले होते आणि आजोबा दुसरा करायला तयार नव्हते. या घरात वाचण्यासारखे आहेच काय, असे ते म्हणत.

बायकोचा डोळा लागला तसे चष्मेवाले मागच्या सीटवर सरकले आणि त्यांनी पुस्तक काढले. कादंबरी जुनी होती आणि जोरकस होती. तिच्यात मेणशेठ नावाचा मेणबत्तीचा कारखानदार होता. काय माणूस रंगवला होता! कामगारांकडून जास्त काम उपटायला त्याने चौकातल्या मनोऱ्यावरचे घड्याळच मागे ठेवायला लावले होते. सगळे गाव त्याच्या वेळेवर उठत होते आणि त्याच्या वेळेवर जेवत होते. त्याच्या डाव्या हाताचे एक बोट अर्धेच होते आणि तो तोंडाने कमी, त्या थोट्या बोटाने जास्त बोलायचा. चष्मेवाले वाचत होते आणि मनात शिव्या देत होते. कामगार कारखान्याच्या फाटकाशी जमले, आणि बस थांबली.

बसस्टँडसमोरच चौक होता. चौकात मनोरा होता. मनोऱ्यावर घड्याळ होते, चालू होते, आणि चष्मेवाल्यांच्या मनगटावरच्या घड्याळापेक्षा मागे होते.

बायको आणि मुलगी केस नीट करत होत्या तेवढ्यात चष्मेवाले पुस्तक हातात घेऊन वर्तमानपत्रवाल्याच्या टपरीवर धावले.

"हेच का हो ते घड्याळ?"

टपरीवाल्याने आधी त्यांच्याकडे पाहिले, मग पुस्तकाकडे, मग रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे. "ते आत घाला आधी."

"का?"

"ज्याच्यावर लिहिलंय तो जिवंत आहे, म्हणून. पुस्तक आलं तेव्हा भर दुपारी पुस्तकाच्या दुकानाची काच फोडली त्यानं. तेव्हापासून या गावात हे पुस्तक कुणी विकत नाही."

"म्हणजे इथं कुणी वाचलेलंच नाही?"

"वाचलंय सगळ्यांनी. वर्तमानपत्राचं कव्हर घालून. आमचा धंदा त्यावर चालतो."

"कसा ओळखायचा तो माणूस?"

"डावा हात बघा," टपरीवाला म्हणाला आणि सुट्टे मोजायला लागला.

शहाण्या माणसाने ते पुस्तक तिथल्या तिथे कचऱ्याच्या डब्यात टाकले असते. चष्मेवाल्यांना आनंद झाला. खलनायक जिवंत आहे, याच गावात हिंडतो-फिरतो! वाचकाइतका निर्लज्ज प्राणी नाही. दुसऱ्याच्या बरबादीत त्याला अनुक्रमणिका दिसते. त्यांनी पुस्तक पिशवीच्या तळाशी, टॉवेलखाली दाबले आणि न्यायला आलेल्या एक्सरेवाल्यामागोमाग रस्त्यावरच्या प्रत्येकाचा डावा हात बघत निघाले.

रस्त्यावर सगळ्यांचे हात धड होते.

घर ऐसपैस होते. बसायच्या खोलीत भिंतीला कपाटे होती, कपाटांत कपबशा होत्या, चांदीचे कप होते, चिनी मातीचे हत्ती होते. पुस्तक एकही नव्हते. खिडकीजवळच्या खुर्चीत आजोबा बसले होते. ताठ, गोरे, पांढऱ्या भुवयांचे. ते सुरीने सफरचंद सोलत होते आणि साल कुठेही न तुटता एकसंध खाली उतरत होती. सफरचंद त्यांनी ज्या हातात धरले होते तो डावा होता.

त्याचे एक बोट अर्धेच होते.

"या," आजोबा म्हणाले, आणि त्या अर्ध्या बोटाने खुर्ची दाखवली.

चष्मेवाले त्या बोटाकडे बघत खुर्चीच्या कडेवर टेकले. "आपला... आपला कारखाना मेणबत्तीचा का?"

"साबणाचा," आजोबा म्हणाले. "मेणबत्तीचा कुणी सांगितला?"

मुलाची आई ट्रे घेऊन येत होती, ती दारातच थबकली. चष्मेवाल्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लेखकाने कोर्टाच्या भीतीने साबणाची मेणबत्ती केली होती. बोट मात्र त्याच्याच्याने सोडवले नव्हते.

"कुणी नाही, कुणी नाही. मला आपलं वाटलं," ते म्हणाले.

"यांना काहीही वाटतं," बायको घाईने म्हणाली. "अहो, चष्मा द्या ना त्यांना."

चष्मा दिला. आजोबांनी तो उलटसुलट करून पाहिला, नाकावर चढवला, आणि त्यांच्या भुवया चष्म्याच्या वर दोन सुरवंटांसारख्या येऊन बसल्या. "हलका आहे. पण दिसतंय का ते कसं कळणार? काहीतरी वाचायला आणा."

"ही औषधाची बाटली वाचा," चष्मेवाले म्हणाले.

"जेवणानंतर एक. पाठ आहे मला."

"मग कॅलेंडर?"

"त्यावरचे आकडे आंधळ्यालाही दिसतील. बारीक छापलेलं काहीतरी पाहिजे. सूनबाई, घरात काही आहे?"

"आपल्याकडे कुठं काय असतं, मामंजी," सूनबाई खालच्या आवाजात म्हणाली. "तुम्हीच तर सगळं बंद केलंत."

"वर्तमानपत्र आणतो चौकातून," एक्सरेवाला उठला. चष्मेवाल्यांना त्याला मिठी मारावीशी वाटली.

"कशाला तेवढ्यासाठी चौकात?" बायको म्हणाली. व्याह्यांच्या घरी उपयोगी पडायची संधी तिला सोडवेना. "यांच्या पिशवीत पुस्तक आहे."

"नाहीये," चष्मेवाले म्हणाले.

"सकाळी 'कुठलं पुस्तक' म्हणालात, म्हणजे आहेच."

"अगं, ते इथलं नाही... म्हणजे यांना आवडणारं नाही."

"आवडायचंय कुठं? अक्षर दिसलं म्हणजे झालं!" बायकोने पिशवीत हात घातला. चष्मेवाल्यांनी पिशवीचा दुसरा बंद धरला. दुसऱ्यांच्या घरात नवराबायको पिशवी ओढताहेत हे दृश्य कुणाला आवडत नाही, मुलगी लाजून उठली, "बाबा, सोडा ना!" म्हणून तिनेच बापाचा हात सोडवला. टॉवेल बाहेर आला, त्यामागून पुस्तक बाहेर आले, आणि बायकोने ते हसतमुखाने, पदराने पुसून, आजोबांच्या हातात ठेवले.

आजोबांनी ते लांब धरले. मग जवळ धरले. मग मोठ्याने नाव वाचले. एकेक अक्षर सुटे करून, दाढेखालचा खडा शोधावा तसे.

सूनबाईच्या ट्रेमधल्या कपबशा आपोआप वाजू लागल्या.

"तू यांना सांगितलं नव्हतंस?" सूनबाईने मुलाला विचारले.

"मला वाटलं हिला माहीत असेल," एक्सरेवाला म्हणाला.

"काय माहीत असेल?" मुलगी म्हणाली. "काय आहे त्या पुस्तकात?"

"चष्मा चांगला झालाय," आजोबा म्हणाले. आवाज अगदी थंड होता. "सगळे बाहेर व्हा. तुम्ही नाही, चष्मेवाले. तुम्ही थांबा. आणि दार लावून घ्या."

बाहेर जाताना बायकोने नवऱ्याकडे अशी नजर टाकली की समुद्रकाठचे सगळे फोड त्याच्या टाचांना आले. दार लागले. आजोबांनी सुरी ताटलीत ठेवली. ती हातात असलेली बरी, असे चष्मेवाल्यांना वाटून गेले. निदान तो हात तरी गुंतलेला राहिला असता.

"कुठपर्यंत आलात?"

"हे बघा, मी मुद्दाम नाही आणलं. मी दर गावाला..."

"कुठपर्यंत वाचलंत, ते विचारतोय."

"कामगार फाटकाशी जमलेत."

"हात्तिच्या!" आजोबांनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे शेवट नाही वाचलात?"

"नाही."

"काय उपयोग मग तुमचा?"

आजोबा खुर्चीत पुढे सरकले आणि दाराकडे एक नजर टाकून, कुजबुजत बोलू लागले. "मी वाचलेलं नाही हे. मी काच फोडली, बातमी झाली. मग वाचणार कुठल्या तोंडानं? पण लोक कानावर घालतातच. घड्याळाचं सांगतात, बोटाचं सांगतात, फाटकाचं सांगतात. फाटकापुढचं कुणी सांगत नाही. विचारायची सोय नाही, विचारलं म्हणजे तो मी आहे असं कबूल केल्यासारखं. सलूनमध्ये दाढीला बसलो की माझ्या मनात एकच. यांना माझा शेवट माहीत आहे, आणि मला नाही. काहीतरी भयंकर असणार. म्हणून कुणी बोलत नाही."

लोकांना पुस्तक न वाचता चिडायला किती थोडा वेळ लागतो, आणि ती चीड सांभाळायला किती जन्म घालवावे लागतात! गावोगावी असली म्हातारी माणसे बसली आहेत. काच फोडायला एक दगड पुरतो. पान उलटायला मात्र छाती लागते, ती यांच्याकडे नसते.

"वाचू या," आजोबा म्हणाले. "तुम्ही साक्षीला बसा."

त्यांनी खुणेचा कागद काढला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मेणशेठ फाटकावर येतो. कामगारांचा मुकादम आपल्या मुलीला घेऊन पुढे होतो. तिला कामावर घ्या म्हणतो. मेणशेठ खवळतो.

"'तुझ्यासारख्याला या दारात उभं केलं हीच माझी चूक झाली,'" आजोबांनी वाचले. "'पोरीला घे आणि चालता हो!'" ते थांबले. "छे! हा लेखक मुळमुळीत आहे. असं कुणी ओरडतं का? मी असं म्हणालो असतो बघा." आणि छाती भरून, कारखान्याच्या त्या टोकाला ऐकू जायचा असा सराव असलेल्या आवाजात ते गरजले, "पोरीला घे आणि चालता हो! पुन्हा या उंबऱ्यावर दिसलात तर तंगड्या मोडीन!"

दाराच्या त्या बाजूला ट्रे पडला.

बाहेर काय झाले ते सांगायलाच हवे. बायकोने शब्द ऐकले आणि चपला घातल्या. सूनबाई फुटलेल्या बशांकडे बघत रडायला लागली. मुलीने एक्सरेवाल्याकडे पाहिले.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"मग?"

एक्सरेवाला भिंतीकडे बघू लागला, जणू भिंतीच्या आतले त्याला दिसणार होते. "आजोबाच नाही म्हणाले तर..."

"तर काय?"

"तर आपण थोडं थांबू. ते शांत झाले की..."

"तू थांब," मुलगी म्हणाली आणि तिने दार ढकलले.

"आजोबा!" तिचा आवाज वॉर्डात बेशिस्त नातेवाइकांना बाहेर काढताना जसा लागायचा तसा लागला होता. "माझ्या बापाच्या तंगड्या मोडायची भाषा करू नका. आम्ही तुमच्याकडे भीक मागायला आलेलो नाही. तुमचा मान ठेवायला आलो होतो. तुमच्या नातवाला कणा आहे की नाही ते त्याचं त्यानं बघावं, एक्सरे त्याच्याकडेच आहे. मला आहे. बाबा, चला."

"थांब गं बाळ, प्रकरण संपू दे," आजोबा मान वर न करता म्हणाले.

"कसलं प्रकरण?"

चष्मेवाल्यांनी तोंडावर बोट ठेवून तिला खूण केली. आजोबा पाने उलटत होते. एक उलटले, दुसरे उलटले. मग भराभर. अर्धे बोट ओळींवरून घसरत होते. पुस्तकात मुकादमाची मुलगी नदीकाठी गेली, तिला एक तरुण भेटला, चांदणे पडले, दोघे रुसले, पुन्हा चांदणे पडले. आजोबा शेवटच्या पानावर गेले, तिथून उलटे मागे आले, पुन्हा शेवटच्या पानावर गेले.

"मी कुठं आहे?" त्यांनी विचारले.

चष्मेवाल्यांनी पुस्तक हातात घेतले. त्यांची नजर धंद्याची होती, भर्रकन फिरली. फाटकानंतर मेणशेठ नव्हता. तो मेला नव्हता, तुरुंगात गेला नव्हता, त्याला पश्चात्तापही झाला नव्हता. लेखक त्याला विसरून गेला होता.

"तुम्ही... पुढं नाही आहात," ते म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"म्हणजे फाटकाशी ओरडलात, आणि मग पोरीची गोष्ट सुरू झाली. चांदणं वगैरे."

आजोबा मागे टेकले. एवढा ताठ माणूस एकदम गादीतला कापूस काढल्यासारखा बसला. "म्हणून कुणी शेवट सांगत नव्हतं," ते स्वतःशीच बोलले. "शेवटी मी नाहीच. ज्याच्यासाठी काच फोडली, घरातली पुस्तकं काढून टाकली, त्यात मी अर्ध्यातच संपलो?"

सूनबाई, बायको आणि एक्सरेवाला दारात येऊन उभे होते. आता म्हातारा काय करतो यावर सगळे टांगलेले होते.

चष्मेवाल्यांनी या घडीला गोड बोलायला हवे होते. व्याही रुसू नयेत म्हणून लोक यापेक्षा कितीतरी खोटे बोलतात. पण आतला वाचक गप्प बसेना. "एक विचारू?" ते म्हणाले. "घड्याळ खरंच मागं ठेवलं होतंत?"

"मग! पुस्तकात लिहिलंय त्याहून जास्त," आजोबा म्हणाले. नातवाची उंची सांगावी इतक्या सहज.

चष्मेवाल्यांचे डोके सटकले. कारखान्यातल्या सगळ्या माणसांच्या आयुष्याचे लचके तोडून हा खुर्चीत सफरचंद खातो आहे, आणि याला शरम नाही, याला दुःख आपले पुस्तकातले काम छोटे पडल्याचे!

"मग चूकच केली लेखकानं," ते ओरडले. "तुम्हाला असं सोडून द्यायला नको होतं! शिक्षा व्हायला पाहिजे होती तुम्हाला!"

"अहो!" बायको किंचाळली.

"तेच तर म्हणतोय मी!" आजोबा त्यांच्यापेक्षा मोठ्याने ओरडले. "शिक्षा तरी द्यायची! कुणी दखल घेतली असं तरी झालं असतं! तुम्ही काय दिली असती?"

"मी?" चष्मेवाले थबकले. पण जन्मभर वाचलेल्या कादंबऱ्या गळ्याशी आल्या होत्या. "कामगारांनी ते घड्याळ मनोऱ्यावरून उतरवलं असतं, आणि तुमच्या झोपायच्या खोलीत आणून टांगलं असतं. तासातासाला टोले. झोप नाही तुम्हाला."

"पुढं?"

"कारखाना बंद. साबण... मेणबत्त्या कुणी घेत नाही. लोक अंधारात बसतात पण तुमची मेणबत्ती लावत नाहीत."

"वा! पुढं?"

"पुढं नातवाचं लग्न निघतं. सगळ्या गावाला बोलावणं जातं. तुम्हाला जात नाही."

आजोबांनी दारातल्या नातवाकडे पाहिले, नातवाने चपलांकडे. "हे जरा जास्त झालं," आजोबा हळू म्हणाले. मग त्यांनी घसा साफ केला. "पण बसतंय. लिहा."

"काय लिहा?"

"हेच. फाटकाच्या पुढचं. सगळं लिहून आणा. ही पोरगी मघाशी दार ढकलून आली, तेही घ्या. कण्याचं बोलली ते अक्षर न् अक्षर घ्या. तुम्ही लिहून आणलंत, मी वाचलं, पटलं, की लग्न."

"आजोबा, त्याला फार वेळ लागेल," एक्सरेवाला म्हणाला. त्या घरात आजोबांना उलटून बोललेले त्याचे हे पहिले वाक्य होते.

"मग लग्नालाही लागेल."

"नाही लागणार," तो म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले. "लग्न आम्ही करू. तुम्ही वाचून या."

मुलीने त्याच्याकडे असे पाहिले, जणू काचेवर अचानक त्याच्या कण्याचा फोटो उमटला होता. आजोबांनी अर्धे बोट नातवाकडे रोखले. "हेही घ्या," ते चष्मेवाल्यांना म्हणाले. "पण मला वाचल्याशिवाय यायला लावलंत, तर मी बोलावणं नसल्यासारखा बसेन एका कोपऱ्यात. सगळ्यांना दिसेल असा."

चष्मेवाले परतीच्या बसमध्ये बसले तेव्हा त्यांना घाम फुटला होता. त्यांनी आयुष्यात चष्म्याच्या पावत्यांखेरीज काही लिहिले नव्हते. वाचताना लेखकाला मूर्ख म्हणणे किती सोपे असते! मेणशेठच्या जागी आता व्याही बसले होते, आणि व्याह्यांना दुखवून चालणार नव्हते. त्यांनी एक वाक्य मनात जुळवले. त्यात मेणशेठला जरा पश्चात्ताप झाला, त्याने एका म्हाताऱ्या कामगाराला घोंगडी दिली. बरे वाटले. त्यांनी ते बायकोला म्हणून दाखवले.

बायकोने पर्स उघडली, स्वतःचे पेन काढले आणि नवऱ्याच्या हातात कोंबले.

"घोंगडी बिंगडी काही नको," ती म्हणाली. "पोटभर दुष्ट करा त्यांना. कुठं कमी पडलात तर व्याही रागावतील."